कॅम्प दापोली, कॅम्पस सिंगापूर

दापोलीचा मुलगा मुंबईला गेला, तर तो गेला असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही. तो 'मुंबईला असतो'. पुण्याला गेला तर त्याची फारशी दखल घेत नाहीत, कारण शनिवारी तो चार मित्र आणि एक गाडी घेऊन परत दिसतोच. परदेशी गेला तर मात्र बातमी होते, आणि ती केळस्कर नाक्यावरून बुरोंडी नाक्याला पोचायला एक चहा पुरतो. शेजारच्या वहिनींच्या चिरंजीवांची बातमी मात्र वाटेतच अडकली. ती पुढं सांगायची कशी, हेच कुणाला उमजेना.

"कुठं निघाला म्हणालात?"

"आधी दुबई. मग सिंगापूर. मग सिडनी."

"म्हणजे बोटीवर लागला."

"नाही हो, एमबीए करतोय."

"मग एका जागी का नाही करत?"

हे विचारणारे गृहस्थ निवृत्त मुख्याध्यापक आहेत. एका वर्षात तीन शाळा बदलणारा विद्यार्थी त्यांच्या नोकरीत एकाच जातकुळीचा असे, आणि त्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' या रकान्यात काय लिहायचं याची त्यांना पंचाईत पडे. शाळेचं नाव वहिनींनी सांगितलं, पण मी ते इथं लिहीत नाही. दृष्ट लागते असं त्यांचं म्हणणं आहे, आणि एवढी फी भरल्यावर दृष्टीची जोखीम घेणं बरं नव्हे.

या वळणाच्या शाळा आता बऱ्याच झाल्या आहेत. आपल्या मुंबईच्या ओळखीचं नाव घ्यायचं तर एस. पी. जैन स्कूल ऑफ ग्लोबल मॅनेजमेंट. २००४ साली दुबईत सुरू झाली, २००६ साली सिंगापूरला पोचली, २०१२ साली सिडनीला. अंधेरीचं एस. पी. जैन वेगळं, ते १९८१ पासून अंधेरीतच आहे. संध्याकाळी सहानंतर अंधेरीतून बाहेर पडायला किती वेळ लागतो हे ज्याला ठाऊक आहे, तो त्यांना एका जागी राहिल्याबद्दल बोल लावणार नाही.

या सगळ्यांतली थोरली पाती फ्रान्सची. इन्सियाड तिचं नाव, १९५७ सालची स्थापना, पॅरिसजवळच्या फोंतेनब्लो गावात. सुरुवातीला तिचे वर्ग तिथल्या राजवाड्यात भरत. याच राजवाड्यात १८१४ साली नेपोलियननं गादी सोडली होती. व्यवस्थापन शिकवायला याहून समर्पक जागा मिळणं अवघड: युरोपभर शाखा काढल्या, थंडीचा अंदाज न घेता मॉस्कोत एक उघडायला गेला आणि मूळ दुकानही घालवून बसला. शाळेनं मात्र त्यावरून धडा घेतलेला दिसतो. पहिली शाखा काढायला तिनं त्रेचाळीस वर्षं घेतली आणि ती उबदार हवेत काढली: २००० साली सिंगापूर. मग अबू धाबी. २०२० साली सॅन फ्रान्सिस्को. एमबीएचा अभ्यासक्रम दहा महिन्यांचा, आणि फी लाख युरोच्या आसपास.

लाख युरो म्हणजे आपल्याकडे कोटीच्या घरात. दापोलीत कोटी हा आकडा फक्त जमिनीच्या बाबतीत उच्चारतात, तोही विकणारा उच्चारतो आणि घेणारा ऐकू न आल्यासारखं करतो. चिरंजीवांनाही साधारण एवढंच पडणार असं समजून आमच्या ओटीवर बसलेल्या बागायतदार काकांनी लगेच हिशेब मांडला. पेटी सरासरी अडीच हजारानं गेली असं धरलं (वाशीचा दलाल समोर नसताना धरायला काय जातं?) तर चार हजार पेट्या.

"यात मोहोर गळाला ते धरलं नाही," काका म्हणाले, "फवारणी धरली नाही, वानर धरले नाहीत."

वानर धरता येत नाहीत हीच तर आमची मूळ अडचण आहे. पण दहा महिन्यांत चार हजार पेट्या संपवणारा मुलगा काकांनी आजवर पाहिला नव्हता, आणि त्यांच्या नजरेत भीतीबरोबर थोडा आदरही मिसळलेला होता.

तरी एक सांगायला हवं. मुलगा तीन देशांत फिरणार याचं दापोलीला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते त्यासाठी पैसे द्यावे लागतात याचं. समोरच्या घरातले चाचा आले, तेव्हा ते उघडच झालं. चाचा सत्तरच्या दशकात आधी बोटीवर आणि मग कुवेतला गेले. त्यांचा थोरला अजून कुवेतला आहे, लेक सासरी केपटाऊनला, धाकटा इंग्लंडात. यात त्यांना काही विशेष वाटत नाही, आणि वाटण्याचं कारणही नाही. पी अँड ओ कंपनीच्या आगबोटींवर डेकचं काम रत्नागिरीकडच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या केलं. सारंग आणि टंडेल ही तिथली नोकरीतली बढती होती. केपटाऊनला कोकणी मुसलमानांची वस्ती एकोणिसाव्या शतकापासून आहे. आखातातून येणाऱ्या पैशांवर आमच्या खाडीकाठच्या गावांत जी घरं उठली, त्यांचे रंग पाहिले की मालक कुठल्या देशात आहे ते सांगता येतं असा चाचांचा दावा आहे.

चाचांनी माहितीपत्रक हातात घेतलं. त्यात निळ्या कोटातली, पाच वर्णांची पाच मुलं एका लॅपटॉपकडे बघून हसत होती.

"हे काय आहे?"

"वेगवेगळ्या देशांची मुलं एकत्र राहतात, चाचा. त्यातूनच शिकायचं असतं."

"आम्ही कुवेतला एका खोलीत आठ जण होतो. तीन मलबारी, दोन पठाण, एक सिलोनी, एक मिसरी आणि मी. संडास एक. तू बघ बेटा, माणूस किती लवकर शिकतो."

"आणि फी किती होती?"

"फी?" चाचांनी पत्रक मिटलं. "ते आम्हाला पगार देत."

यावर वहिनी आत चहा टाकायला गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

चाचांच्या खोलीत जे फुकट घडत होतं, ते शास्त्र म्हणून मांडायला प्राध्यापक लागतात, हे मान्य केलं पाहिजे. इन्सियाडमध्येच शिकवणाऱ्या एरिन मेयर यांनी 'द कल्चर मॅप' या २०१४ सालच्या पुस्तकात कुठल्या देशाचा माणूस तोंडावर बोलतो आणि कुठला आडून, याच्या पट्ट्या आखून दिल्या आहेत. डच एका टोकाला, जपानी दुसऱ्या. दापोलीकराला या पट्टीवर कुठं बसवायचं हा जरा पेचच आहे. आमचा माणूस अगदी तोंडावर बोलतो, फक्त तिसऱ्याबद्दल. आणि तो तिसरा मागं उभा राहून ऐकतो आहे याची खात्री करून घेऊनच. लिस्बनहून आलेल्या वर्गमित्राला हे दहा महिन्यांत समजेल असं मला वाटत नाही. पुण्याहून आलेल्या सुनांना दहा वर्षांत समजलेलं नाही.

प्रवेश मिळाला याचंही कौतुक झालं. परीक्षा, निबंध, मुलाखत, सगळं घरबसल्या. मुलाखतीच्या दिवशी नेट गेलं म्हणून चिरंजीव गाडी घेऊन कृषी विद्यापीठाच्या गेटाशी गेले आणि तिथं जी काय दांडी मिळाली तिच्यावर त्यांनी 'पुढच्या दहा वर्षांत स्वतःला कुठं बघता' याचं उत्तर दिलं. या हकिगतीला आळीत वीरकथेचा दर्जा मिळाला. मुरूडची माणसं मात्र ती ऐकून नुसती मान डोलावतात. त्यांच्या गावचा एक मुलगा परीक्षेसाठी कुंभार्ली घाट चढून साताऱ्याला गेला होता, पायी. तिथल्या साहेबानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सतरा वर्षांचा दिसत नाहीस म्हणून परीक्षेला न बसवताच परत पाठवलं. तो धोंडो केशव कर्वे. पुढं १९२९ साली, सत्तरी उलटून गेल्यावर, महिला विद्यापीठाची ओळख करून देत आणि वर्गणी गोळा करत हाच मुलगा युरोप, अमेरिका, जपान असा फिरून आला, बर्लिनमध्ये आइन्स्टाइनला भेटला, आणि घरी येऊन टेकतो न टेकतो तोच आफ्रिकेला निघाला. या वेळी वय दिसत नाही असं कुणी म्हणालं नसावं. चार खंड झाले, आणि चारही ठिकाणी पैसे देऊन नव्हे, मागून.

कर्व्यांचे आतेमामेभाऊ रँग्लर परांजपे हे आंजर्ल्याजवळच्या मुर्डीचे. १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले, आणि १९४४ साली हिंदुस्थानचे हायकमिशनर म्हणून ऑस्ट्रेलियाला गेले. तेव्हा सिडनीच्या बाजूला जाणारे वहिनींचे चिरंजीव तालुक्यातले पहिले नव्हेत. हे मी वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यांना कॅम्पस प्लेसमेंट होती का?"

हायकमिशनरची नेमणूक प्लेसमेंटमध्ये मोडते की नाही हे मला सांगता आलं नाही.

जागतिक व्यापार म्हणाल तर आमच्या तालुक्याच्या टोकाला दाभोळ आहे. पंधराव्या शतकात इथं अरबस्तानातून, खुरासानातून घोडे उतरत. अफनासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी हिंदुस्थानात हिंडून-फिरून शेवटी इथूनच होर्मुजकडे जाणाऱ्या गलबतात बसला. त्यानं एक घोडा विकायला आणला होता, आणि तेवढ्यासाठी त्यानं तीन समुद्र ओलांडले. मालापेक्षा वाहतूक महाग पडणं हा जो कोकणच्या व्यापाराचा स्थायीभाव, त्याची ही पहिली नोंद असावी.

आणि एक केस तर अशी, की जगभरच्या बिझनेस स्कूलांत ती शिकवतात. हार्वर्डनं तिच्यावर रीतसर केस-स्टडी लिहिलेली आहे. एन्रॉनची दाभोळ पॉवर कंपनी. चिरंजीवांना ती पहिल्याच सत्रात आली. वर्गात कुणीतरी 'डॅबल' असं म्हणालं, चिरंजीवांनी 'दाभोळ' म्हणून दुरुस्त केलं, आणि मी तिथलाच असं सांगून टाकलं. त्याबरोबर सगळा वर्ग त्यांच्याकडे असा वळून बघायला लागला, की जणू वीजबिल यानंच थकवलंय.

वास्तविक दाभोळचा त्यात दोष इतकाच, की त्याचं नाव घेतलं गेलं. प्रकल्प उभा राहिला तो खाडीपलीकडे, गुहागर तालुक्यात, अंजनवेल-वेलदूरच्या बाजूला. म्हणजे जमीन गुहागरची गेली, नाव दापोली तालुक्याचं गेलं आणि पैसे महाराष्ट्राचे गेले. १९९३ साली वीज घेण्याचा करार झाला. १९९९ साली पहिला टप्पा सुरू झाला. वीज इतकी महाग पडली की २००१ साली वीज मंडळानं ती घेणंच थांबवलं, आणि त्याच डिसेंबरात तिकडे अमेरिकेत एन्रॉननं दिवाळं काढलं. या व्यवहाराची बोलणी करणाऱ्या रिबेका मार्क हार्वर्डच्या एमबीए. पुढं कंपनी चालवणारे जेफ्री स्किलिंग हेही हार्वर्डचेच एमबीए. समोरच्या बाजूला आपले मंत्री आणि सचिव. इतकी शिकलेली माणसं एका टेबलाभोवती बसून आमच्या खाडीच्या तोंडाशी जे करून गेली, ते न शिकलेल्या माणसांकडून झालं नसतं, याबद्दल फेरीबोटीत बसणाऱ्या कुणाचंही दुमत नाही. आमच्या न शिकलेल्या लोकांनी आधी एक युनिट घेऊन बघितलं असतं, आणि आवडलं नाही तर दुसरं घेतलं नसतं.

भाव कसा ठरवावा हे बघायला या सगळ्या मंडळींना एकदा हर्णैला उभं करायला हवं होतं.

हर्णैचा बाजार बंदरावर भरतो म्हणजे वाळूतच भरतो. होड्या बाहेर उभ्या, मासळी उतरवायला बैलगाड्या पाण्यात शिरलेल्या, बर्फाचे तुकडे, पाट्या, ओरडा, आणि त्या सगळ्यात पाय दुमडून, समोर चार सुरमया मांडून बसलेली एक मावशी. समोर पुण्याचं एक जोडपं येऊन उभं राहिलं. मावशीनं त्यांच्या तोंडाकडे बघितलंच नाही. तिनं पायांकडे बघितलं. बुटांत मोजे होते. मग गृहस्थांच्या बोटात फिरणाऱ्या किल्लीकडे बघितलं, मग किनाऱ्यावर लावलेल्या गाडीच्या नंबराकडे. एमएच १२. एवढ्यात तिचं सगळं मार्केट रिसर्च आटोपलं.

"मावशी, कशी दिली?"

"बाराशे."

"आठशे."

मावशी काही बोलली नाही. तिनं ओंजळभर पाणी घेऊन सुरमईवर शिंपडलं. सुरमई चकाकली. गृहस्थांनी बायकोकडे बघितलं, बायकोनं समुद्राकडे. मावशीनं दुसरी ओंजळ घेतली.

"बरं, हजार," गृहस्थ आपणच म्हणाले.

"घे," मावशी म्हणाली, आणि सुरमई त्यांच्या पिशवीत पडलीसुद्धा. नंतर एमएच ०८ची एक जुनी दुचाकी आली; तिच्यावरच्या माणसाच्या पायांत स्लिपर होत्या आणि स्लिपरांना वाळू चिकटलेली होती. त्याला जवळजवळ तेवढीच सुरमई सातशेला पडली, आणि वर दोन बांगडे मिळाले, कारण मावशीचा पुतण्या त्याच्या मेव्हण्याच्या होडीवर आहे. गिऱ्हाईक बघून भाव वेगळा, बोलण्यात गप्प राहण्याचं महत्त्व, आणि जुनं गिऱ्हाईक टिकवणं: तीन तास तीन प्राध्यापकांनी घ्यायचे, ते मावशीनं पाच मिनिटांत आणि दोन ओंजळी पाण्यात आटोपले.

चिरंजीव मे महिन्यात सुट्टीला आले होते, तेव्हा त्यांनी हर्णैच्या एका टंडेलाला 'ब्लू ओशन स्ट्रॅटेजी' समजावून सांगितली. इन्सियाडचेच दोन प्राध्यापक, चॅन किम आणि रेने मोबोर्न, यांचं २००५ सालचं हे पुस्तक जगभर गाजलं. सार असं, की जिथं सगळेच तुटून पडलेत तिथलं पाणी स्पर्धेनं लाल झालेलं असतं. तिथं झगडत बसू नये, निळ्या, मोकळ्या समुद्रात जावं. टंडेल बोलणं तोडणारा माणूस नव्हे. त्यानं जाळ्याची गाठ मारता मारता सगळं ऐकून घेतलं.

"निळा समुद्र आम्ही बापजाद्यांपासून बघतोय," तो म्हणाला. "आता तिथं एलईडीवाले असतात."

एलईडीचे प्रखर दिवे लावून मासळी खेचायला २०१७ सालीच बंदी झालेली आहे. तरी रात्री कधी क्षितिजावर गाव वसल्यासारखे दिवे दिसतात, आणि ते कसले, असं किनाऱ्यावर कुणी कुणाला विचारत नाही. त्यात १ जून ते ३१ जुलै समुद्रच बंद. पुस्तकात पावसाळ्यावर प्रकरण नाही, हे चिरंजीवांनी प्रांजळपणे कबूल केलं.

जाता जाता एक. अनेक कॅम्पसांची एक शाळा खुद्द दापोलीतही आहे. १९७२ सालचं आमचं कोकण कृषी विद्यापीठ: भाताचं संशोधन कर्जतला, नारळाचं भाट्याला, मासळीचं कॉलेज शिरगावला, काजू-आंब्याचं वेंगुर्ल्याला. खंड एकच आहे, हे खरं. पण मुंबईहून सिंगापूरला विमान साडेपाच तासांत पोचतं, आणि दापोलीहून वेंगुर्ल्याला निघालेला प्राध्यापक, मुंबई-गोवा महामार्गाचं २०११ पासून चाललेलं काम लक्षात घेता, तेवढ्या वेळात कुठं असेल ते सांगता येत नाही. प्रवासातून शिक्षण हेच जर सूत्र असेल, तर आमचा प्राध्यापक जास्त शिकलेला आहे.

मग एवढं सगळं अंगात असताना कोकणी माणूस धंद्यात मागं का? या प्रश्नावर आमच्याकडे अनेक व्याख्यानं होतात, आणि ती द्यायला माणूस घाटावरून बोलावतात. तो येऊन कोकणी माणूस आळशी आहे असं सांगतो, आंब्याची पेटी घेतो आणि जातो. माझं निदान वेगळं आहे. ज्याला खरं कारण बघायचं असेल त्यानं आमच्या चुलत दादांचा सातबारा बघावा.

त्या सातबाऱ्यावर सदतीस नावं आहेत. त्यातली नऊ माणसं दिवंगत आहेत, पण वारसनोंद झालेली नसल्यामुळे कागदोपत्री त्यांच्या प्रकृत्या ठणठणीत आहेत. उरलेल्यांत डोंबिवलीला सहा, ठाण्याला चार, नागपूरला दोन, मस्कतला एक, मेलबर्नला एक, न्यू जर्सीला तीन. एका आत्याचा पत्ता नाही. पत्ता नाही म्हणजे आहे, पण ती द्यायला तयार नाही. कुणाही बिझनेस स्कूलला हेवा वाटावा असा हा विस्तार, आणि मुख्यालय दापोली. पूर्वी सातबाऱ्यावर घरातल्या कर्त्या माणसाच्या नावामागं 'ए. कु. मॅ.' अशी अक्षरं लागत: एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे मॅनेजर हा हुद्दा महसूल खात्यानं आमच्या घरात आधीच देऊन ठेवलेला. दादांच्या वडिलांच्या नावामागं ती अक्षरं होती. दादांच्या नावामागं नाहीत, पण काम तेच आहे आणि पगारही तेवढाच, म्हणजे नाही.

दादा बागेला गडी लावतात, फवारणी करतात, गडगा घालतात, कौलं परततात, घरपट्टी भरतात. बदल्यात उरलेल्या छत्तीस (किंवा दिवंगत वगळता सत्तावीस) भागीदारांची पक्की खात्री आहे, की दादा आंबे खातात. नफ्याची वाटणी दरसाल होते: माणशी एक पेटी, पोचवणावळ ज्याची त्यानं. न्यू जर्सीच्या तिघांच्या पेट्या बरीच वर्षं साचल्या आहेत. अमेरिकेनं आपल्या आंब्याला २००७ साली पुन्हा दार उघडलं खरं, पण किरणांची प्रक्रिया करूनच आंबा तिकडे जाऊ शकतो, आणि ती सोय दादांच्या पडवीत नाही. हे दादांनी पत्रानं कळवलं. त्यावर उलट टपाली विचारणा आली, की मग त्या पेट्या खाल्ल्या कुणी?

वार्षिक सभा मे महिन्यात भरते. कार्यक्रमपत्रिका ठरलेली: तांब्याचा मोठा हंडा कुणाकडे आहे, विहिरीजवळचा फणस कुणी तोडला, आणि वाटप करायचं का. वाटप करायचं यावर सगळ्यांचं एकमत होतं. रस्त्याकडची बाजू कुणाला यावर ते संपतं. मोजणी केली तर माणशी साडेतीन कलमं येतात, आणि अर्ध्या कलमाची कुठली बाजू आपली, याचा खल मग जेवणापर्यंत चालतो. मधेच कुणीतरी विकून टाकू असं म्हणतो. त्याला सदतीस सह्या लागतात. त्यातल्या नऊ आणायला कुठं जावं लागेल हे दादा सांगत नाहीत, नुसते वर बघतात. मेलबर्नचा भाऊ कुलमुखत्यारपत्र पाठवतो म्हणाला होता. पण ते कुणाच्या नावानं करायचं, यावर सभेत मतदान झालं आणि बरोबरी झाली.

जगातली कुठलीही कंपनी एवढ्यात मोडली असती. ही तीन पिढ्या चालू आहे. मोडताच येत नाही, हे तिच्या टिकण्याचं कारण.

आणि नेमका हाच सातबारा चिरंजीवांनी प्रकल्पाला घेतला. 'कुटुंबाच्या मालकीचा एक उद्योग' असा विषय होता. गटात तुर्कस्तानची एक मुलगी, चिलीचा एक मुलगा आणि नायजेरियाचा एक. सिंगापूरहून व्हिडिओ कॉल लागला. दादा धुतलेला सदरा घालून ओटीवर बसले, मोबाइल पानाच्या डब्याला टेकवून ठेवला, आणि दुभाषा म्हणून मी बाजूला. एवढी फी भरूनही मीटिंग चाळीस मिनिटांनी आपोआप बंद पडणाऱ्या फुकटच्या खात्यावरून होती, यावरून मुलं धंद्याचं काहीतरी शिकत असावीत असं मला वाटलं.

तुर्की मुलीनं विचारलं, तुमच्या उद्योगात निर्णय कसे होतात?

"मे महिन्यात," दादा म्हणाले.

चिलीच्या मुलानं विचारलं, पुढच्या पिढीकडे कारभार सोपवण्याची काय योजना आहे?

"तलाठी बदलून आला की बघू."

आणि एखाद्या भागीदाराला बाहेर पडायचं असेल तर?

दादांनी बराच विचार केला. पान लावलं. "अजून कुणी पडलेलं नाही," ते म्हणाले. "वारले तेसुद्धा आहेत."

मी हे इंग्रजीत कसंबसं सांगितलं. तुर्की मुलगी लिहून घ्यायची थांबली. चिलीच्या मुलाला वाटलं भाषांतरात काहीतरी घोटाळा झाला, त्यानं प्रश्न पुन्हा विचारला. नायजेरियाचा मुलगा मात्र खुर्चीत पुढं सरकला. म्हणाला, आमच्या आजोबांची कोकोची बाग आहे. अकरा काका. दोन लंडनला, एक टेक्सासला. आजोबांच्या वडिलांचं नाव अजून कागदावर आहे.

"वहिवाट कुणाची?" दादांनी विचारलं.

धाकट्या काकांची, तो म्हणाला. बाकीच्यांना वाटतं तेच सगळा कोको खातात.

दादांनी मोबाइल उचलून डोळ्यांजवळ धरला आणि त्या मुलाकडे नीट पाहून घेतलं. "हा शिकलेला आहे," ते मला म्हणाले. मग त्यांनी मला बाजूला सारलं, आणि मराठीतच, सावकाश, मोठ्यानं बोलायला लागले. पलीकडून तो इंग्रजीत उत्तरं देत होता आणि दोघांचं सगळं एकमेकांना कळत होतं. उरलेल्या दोघांनी आपापले माइक बंद केले. मीटिंग तुटली तेव्हा दादा त्याला सांगत होते, की काकांना म्हणावं काही झालं तरी कोऱ्या कागदावर सही करू नका, आणि तांब्याचा हंडा असेल तर तो आत्ताच आपल्याकडे आणून ठेवा.